कणगी गेली, मांजर राहिलं

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, नंदुरबार. यांतल्या कोणत्याही गावाच्या जुन्या पेठेत संध्याकाळी चक्कर मारा. दुकानांच्या फळ्यांखाली, बोळात, पडक्या वाड्याच्या जोत्यावर मांजरं दिसतीलच. कोणाची म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘कोणाची नाही, इथलीच.’ अलीकडे त्यांना रोज खाऊ घालणारे आणि पकडून नसबंदी करून आणणारे लोक वाढले, तशा तक्रारीही वाढल्या. ही मांजरं बेवारस झाली कशी, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

खान्देशातलं जुनं घर धाब्याचं. वर मातीचं जाड छत, आत कणग्या आणि कोठ्या, त्यांत वर्षभराची ज्वारी, बाजरी, तूर, उडीद. पेरणीचं बियाणंही तिथंच. एवढं धान्य म्हटलं की उंदीर आलेच, आणि उंदीर म्हटले की मांजर आलं. ते कोणी विकत आणत नसे की बांधून ठेवत नसे. एका घरची मांजर व्याली की शेजारीण पिल्लू मागून न्यायची. धूर जायला छतात ठेवलेल्या भोकातून मांजर आत-बाहेर करायचं, या धाब्यावरून त्या धाब्यावर अख्खी गल्ली फिरायचं. घरातून दूध-भाकरीचा घास मिळे, बाकी पोट त्यानं स्वतः भरायचं. पुढे रेल्वे आणि कापसामुळे शहरं वाढली, तरी मांजराचं काम तेच राहिलं. जिनिंगमधले सरकीचे ढीग, जळगावच्या डाळमिला, दाणाबाजारातली गोदामं, सगळीकडे त्याची गरज होती.

त्याच्या जिवाला लोकसमजुतीचं संरक्षणही होतं. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आमच्या पिढीनं आजीकडून ऐकलेलं आहे. आडवं गेलं म्हणून चार पावलं मागे फिरणारा माणूसही त्याला मारायला धजत नसे. इथं महानुभाव पंथाची मुळं खोल आहेत, आणि पारध्यांपासून पळत आलेल्या सशाला चक्रधरस्वामींनी गुडघ्याखाली आसरा दिल्याची लीळा घराघरात सांगितली जाते. मुस्लिम मोहल्ल्यांत मांजराला उपाशी कोंडून ठेवणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीस लहानपणीच कानावर पडते. पेठांतल्या गुजर-मारवाडी व्यापाऱ्यांनी पांजरपोळ, म्हणजे निराधार जनावरांचे निवारे, चालवले. त्यामागे मुंबईचा धडा होता: १८३२ मध्ये तिथं भटकी कुत्री मारण्याच्या हुकमाविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले, आणि १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं पांजरपोळ उभा राहिला. आपल्याकडच्या पांजरपोळांत मात्र मुख्यतः गाई-गुरं. मांजरासाठी वेगळी सोय करावी असं कोणाला वाटलं नाही, कारण तेव्हा त्याला घर होतं.

मांजराची किंमत सरकारदरबारी पोहोचली ती प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत आलेली साथ पुढच्या वर्षांत देशावर पसरली. घरात उंदीर मरून पडला की लोक घर सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. उंदरावरच्या पिसवेतून रोग माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये मांडलं, तरी ते सर्वमान्य व्हायला बरीच वर्षं गेली. त्याच काळात शेजारच्या वऱ्हाडात, अमरावतीला, ब्युकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. त्यांनी गावोगावची मांजरं मोजायला लावली. जिथं घरोघरी मांजर, तिथं प्लेग कमी, असा त्यांचा निष्कर्ष १९०८ मध्ये इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याला मर्यादा आहेत, कारण प्लेग खुद्द मांजरालाही होतो. तरी एक सरकारी डॉक्टर ‘मांजरं पाळा’ म्हणून लोकांना सांगत होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण ही सगळी माया कामाशी किंवा पापाच्या भीतीशी बांधलेली होती. काम संपलं तेव्हा ती किती टिकते, ते आपण पाहिलं. कणगी जाऊन पत्र्याची कोठी आली, मग महिन्याचा किराणा पिशवीतून येऊ लागला. उंदराला औषध टाकायची सवय लागली; विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरंही मेली. धाबी पाडून स्लॅब पडले, वाड्यांच्या जागी अपार्टमेंट आली. धुळ्यात देवपूर, जळगावात पिंप्राळा आणि मेहरूणकडे वस्ती सरकली. माणसं गेली, मांजरं जुन्या गल्लीतच राहिली, कारण मांजर माणसापेक्षा जागेला जास्त धरून असतं. नव्या वसाहतींतली मांजरं त्यांचीच पिल्लं. त्यांना चिकनच्या दुकानामागचे तुकडे, हॉटेलच्या शेवभाजीचं उरलेलं आणि कचराकुंडी एवढाच आधार.

कायदा उशिरा आणि तुकड्यातुकड्यानं आला. १८६० च्या दंड संहितेत जनावर मारणं हा गुन्हा होता, पण मांजरासारख्या प्राण्याच्या बाबतीत तो किमतीवर बेतलेला: दहा रुपये, पन्नास रुपये. गल्लीतल्या मांजराची किंमत कोण ठरवणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ही किमतीची अट उरली नाही. प्राण्याला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या आग्रहातून १९६० मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, मात्र त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. हे मला अत्यंत लाजिरवाणं वाटतं. २००१ चे जन्मनियंत्रण नियम नावापासूनच कुत्र्यांचे होते. जळगाव आणि धुळे २००३ मध्ये महापालिका झाल्या, तेव्हा नसबंदी म्हणजे श्वानांची, असंच समीकरण होतं. २०२३ च्या नव्या नियमांनी वस्तीत जन्मलेल्या, मालक नसलेल्या प्राण्यांची ‘सामुदायिक प्राणी’ अशी व्याख्या केली आणि त्यांना खाऊ घालण्याची जागा रहिवाशांनी मिळून ठरवावी असं सांगितलं. ती जागा जिने, इमारतीची दारं आणि मुलांची खेळायची जागा सोडून असावी.

आज गल्लीत मांजरं सांभाळणाऱ्यांना हे नियम पाठ असतात, कारण भांडण नेमकं जिन्यावरूनच होतं. देवपुरातल्या एक काकू रात्री नऊनंतर मागच्या भिंतीकडे थाळ्या ठेवतात आणि अर्ध्या तासात उचलून धुऊन टाकतात. मुंग्या नाहीत, वास नाही, तक्रार नाही. दुधाऐवजी उकडलेलं चिकन किंवा अंडं आणि भात, कारण बहुतेक मोठ्या मांजरांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, हगवण लागते. बाजूला पाण्याचं मातीचं भांडं. पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा अन्नापेक्षा पाणी महत्त्वाचं.

गल्लीतली पोरं त्यांच्याभोवती गोळा होतात. एकदा एका पोरीनं विचारलं, “काकू, हिचा कान कोणी कापला?”

“डॉक्टरांनी, बेटा. ऑपरेशन केलं तेव्हा झोपेतच टोक कापलं. आता लांबूनच कळतं हिचं झालंय, परत पकडायला नको.”

“दुखलं असेल ना?”

“तेव्हा नाही कळलं तिला. पण दर खेपेला पिल्लं मरताना बघायची, ते दुखायचं.”

त्या पोरीनं दुसऱ्या दिवसापासून कान बघून मांजरं मोजायला सुरुवात केली.

मुलांना असं करून दाखवत शिकवणं खान्देशाला नवं नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, कपडे आवरून ठेवत. उपदेश फारसा करत नसत. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं मूलभूत कर्तव्यं आली आणि ‘प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणे’ ही ओळ पुढे पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापली गेली. पान उलटून मुलं धड्याकडे जातात. थाळी धुताना, चावलं-बोचकारलं तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुऊन रेबीजची लस घ्यायची हे शिकताना, ओळ खरी होते. भीती आणि माया दोन्ही एकाच वेळी समजावता येतात.

नसबंदीच्या कामाची वेळही ठरलेली आहे. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत व्याते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आपल्याकडे पिल्लं वर्षभर होतात, पण संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागला की माद्या मोठ्या संख्येनं माजावर येतात. मग पिल्लं जन्मतात ती ऐन उन्हाच्या तोंडावर, पत्र्याखाली आणि टाक्यांच्या सांदीत, आणि त्यांतली बरीच उन्हानं जातात. म्हणून जाणकार कार्यकर्ते दिवाळी ते संक्रांत या दिवसांत नसबंदी उरकतात. हवा थंड असते, आणि दिवाळीच्या सुट्टीत पिंजऱ्यावर लक्ष ठेवायला पोरंही मोकळी असतात.