संचालकांच्या सहीमागे काय घडत गेले?

सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला. पुण्यात १९०६ मध्ये कॉसमॉस आणि १९१२ मध्ये रुपी बँक उभी राहिली. त्या काळच्या सहकाराचा पाया ओळखीचा होता. कर्जदार, जामीनदार आणि संचालक एकमेकांना ओळखून असत, त्यामुळे पैसे बुडवणाऱ्याला तोंड लपवावे लागे.

शाखा आणि ठेवी वाढल्या तसा हा धाक विरला. सहकारी संचालकाने आणलेले कर्जप्रकरण अडवायचे कसे, हा संकोच मात्र राहिला. माझ्या मते सगळ्यात मोठे नुकसान या संकोचाने केले. गैरव्यवहाराची सुरुवात क्वचितच थेट तिजोरीतून होते. आधी तारणाचे मूल्यांकन फुगवले जाते. मग थकलेले कर्ज नव्या कर्जातून फेडून खाते नियमित दाखवतात आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते. सही करणाऱ्यांपैकी निदान एकाला तरी खरे काय ते ठाऊक असते. त्याने त्याच बैठकीत तोंड उघडले असते, तर पुढे ठेवीदारांना रांगेत उभे राहावे लागले नसते.

देखरेखीतही फट होती. १ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला. बँकिंग व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे गेले, पण संचालक मंडळ, निवडणुका आणि चौकशी सहकार खात्याकडे राहिली. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसे ठेवीदाराचे झाले. अहमदाबादची माधवपुरा बँक २००१ मध्ये शेअर दलालांच्या कर्जांमुळे कोसळली. त्यानंतर २००३ मध्ये नागरी सहकारी बँकांच्या संचालकांना आणि त्यांच्या नातलगांना कर्ज देण्यावर बंदी आली. व्यवस्थापनाबाबतचे वाढीव अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळायला २०२० उजाडले, तेही पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या गैरव्यवहाराच्या प्रकरणानंतर.

पुण्याने याची किंमत मोजली. रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये ठेवी काढण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना गेला. मध्ये साडेनऊ वर्षे गेली. शिवाजीराव भोसले सहकारी बँकेवर २०१९ मध्ये निर्बंध आले, २०२१ मध्ये तिचाही परवाना रद्द झाला.

ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करणारे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे कलम ८८ मात्र १९६० पासूनच पुस्तकात आहे. पाच लाखांवरची ठेव अडकलेला माणूस आजही अवसायकाच्या, म्हणजे बँक गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, वसुलीकडे डोळे लावून बसतो.