कानातल्या माइकला 'चारा' का ऐकू येत नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली मराठी कन्नडच्या शेजारात वाढली. तिचं रेकॉर्डिंग करायचं तर उच्चार जसाच्या तसा उतरायला हवा. 'चार' आकड्यातला च आणि जनावरांच्या 'चारा'तला च एक नाही. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांच्या मागे. कन्नडमध्ये हा दातांचा च मुळात नाही, म्हणून सीमाभागातला माणूस कुठे कोणता च वापरतो हे ऐकणं मोलाचं असतं. वायरलेस इअरबड्सच्या माइकवर नेमका हाच फरक बुजतो.

गाणं ऐकताना नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज फोनकडून कानाकडे, असा एकाच दिशेने जातो. माइक चालू झाला की फोन 'हँड्स-फ्री' पद्धतीवर उतरतो, आणि ती पद्धत कॉलसाठी बनवलेली आहे. जुन्या प्रकारात सेकंदाला आवाजाचे 8,000 नमुने घेतले जातात. जितके नमुने, त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच आवाज पकडता येतो, म्हणजे इथे जास्तीत जास्त 4,000 हर्ट्झ. 2011 पासून 16,000 नमुन्यांचा प्रकार आला, त्याची मर्यादा 8,000 हर्ट्झ. 'श'ची सळसळ साधारण 2,500 हर्ट्झच्या आसपास सुरू होते, 'स'चा जोर मात्र 4,000च्या वर असतो. दातांच्या चमागे हीच 'स'ची सळसळ असते. ती कापली गेली की 'चारा' आणि 'चार' यांतला च सारखाच वाटू लागतो. फोनचा स्वतःचा माइक 44,100 किंवा 48,000 नमुने देतो. नव्या एलई ऑडिओ पद्धतीत ब्लूटूथची ही अडचण बरीच कमी होते, पण फोन आणि बड्स, दोन्हींत ती सोय असावी लागते.

दुसरी अडचण बड्समधल्या गोंगाट गाळणाऱ्या प्रक्रियेची. आवाज कुठल्या दिशेने आला हे दोन माइकवर तो पोचण्याच्या वेळेतल्या सूक्ष्म फरकावरून ओळखून ती तोंडाकडचा आवाज ठेवते आणि सतत एकसारखा चाललेला आवाज दाबते. बेळगावच्या वडगाव-खासबागेतल्या यंत्रमागांशेजारी विणकराची मुलाखत घ्यायची असेल तर हे वरदान आहे. तिथे टेबलावर ठेवलेल्या फोनमध्ये खडखडाटच भरतो, बड्समध्ये निदान शब्द कळतात. पण जात्यावरची ओवी घेताना तीच प्रक्रिया घात करते. जात्याची घरघर पुसली जाते आणि लांब धरलेला सूर गोंगाट समजून मध्येच पातळ होतो. भजनात टाळ-मृदंग तुकड्यातुकड्यांनी येतात. ओव्या आणि भजनाला बड्स वापरूच नयेत.

रेकॉर्डिंगआधी कोणता माइक चालू आहे ते तपासा. बड्स जोडलेले असूनही अनेक अँड्रॉइड रेकॉर्डर अ‍ॅप फोनचाच माइक घेतात. काहींच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ माइकचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. रेकॉर्डिंग सुरू करून आधी बडवर नखाने हलकं टकटक करा, मग फोनच्या चार्जिंगच्या टोकाजवळ. ऐकताना ज्याची टकटक मोठी, तो माइक चालू. त्यानंतर 'चार सशांनी शेतातला चारा चाखला' हे वाक्य एकदा बड्सवर, एकदा फोनवर घ्या आणि चांगल्या वायरच्या इअरफोनवर ऐका. कान लगेच निवाडा देतो.

बड्सच वापरायचे ठरलं तर फोन बोलणाऱ्याच्या पुढ्यात, मीटरभराच्या आत ठेवा. ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं, म्हणून मागच्या खिशातल्या फोनवर आवाज तुटतो. वाय-फायही बहुधा याच पट्ट्यात चालतं. विमान मोड लावून फक्त ब्लूटूथ सुरू ठेवा, त्याने मध्येच कॉलही येत नाही. आजींनी डोक्यावर पदर घेतला असेल तर तो बडवर घासून खसखस होते. पदर कानामागे सरकवायला सांगण्यापेक्षा फोनचाच माइक वापरणं बरं. व्हिडिओत ओठ आणि आवाज मागेपुढे होतात, तेव्हा सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून घ्या. नंतर जुळवणी सोपी होते.

शांत घरात मात्र फोनच तोंडापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, थोडा बाजूला धरावा, म्हणजे प-फचा श्वास सरळ माइकवर आदळत नाही. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने उतरतो. 15 ऐवजी 60 सेंटिमीटरवर ठेवला तर 12 डेसिबल गेले, आणि पावसाळ्यात खानापूरकडच्या कौलांवरचा पाऊस त्याच्या बरोबरीला येतो. फोन टेबलावर ठेवायचा असेल तर खालची उशी किंवा घडी घातलेली चादर टेबलाचा ठणठणाट शोषते. फाइल वेव्ह (.wav) प्रकारात, एक चॅनेल (मोनो), 48,000 नमुने, 16 बिट अशी ठेवा. मिनिटाला सुमारे 5.8 एमबी, तासाला साधारण 350 एमबी लागतात. निघण्यापूर्वी तेवढी जागा मोकळी करा.