वायफायवरच्या उपकरणांची नावं: यादी कशी घडत गेली

मोठ्या वायफाय नेटवर्कचा कंट्रोलर (वायफायचे सगळे डबे एका जागेवरून सांभाळणारी यंत्रणा) उघडला की उपकरणांची लांबलचक यादी समोर येते. कुणी मन लावून नावं दिली असतील तर 'बी-३-वाचनालय-पूर्व' बंद पडल्याचं दिसतं आणि माणूस थेट तिथे पोचतो. नसतील दिली, तर बऱ्याच उत्पादनांत 'एपी' (म्हणजे ॲक्सेस पॉइंट, वायफाय देणारा डबा) या अक्षरांपुढे बारा आकडे-अक्षरांची माळ असते. मग शिडी खांद्यावर टाकून मजल्यामागून मजले पालथे घाला आणि प्रत्येक डब्यामागचं स्टिकर वाचा. हा त्रास वायफायच्या कितीतरी आधीपासून चालत आलाय.

इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कवर सुरुवातीला प्रत्येक केंद्र इतरांच्या मशीनना आपापल्या सोयीनं नावं द्यायचं. एकाच मशीनला दहा ठिकाणी दहा नावं. १९७१ मध्ये पेगी कार्प यांनी आरएफसी २२६ मध्ये (आरएफसी म्हणजे नेटवर्कविषयीचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) सगळ्यांसाठी एकच यादी सुचवली. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी आरएफसी ६०६ मध्ये पुढची मागणी केली: प्रत्येक केंद्रानं आपली वेगळी, बहुतेकदा शिळी झालेली यादी सांभाळण्यात अर्थ नाही, अधिकृत यादी मशीनला वाचता येईल अशी नेटवर्कवरच ठेवा. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या एसआरआय या संशोधन संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या माहिती केंद्रात सांभाळली जाऊ लागली. नवं मशीन जोडलं की केंद्राला कळवायचं, मग ते यादीत चढणार. नेटवर्क वाढलं तशी ही पद्धत अपुरी पडली आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची, रचना मांडली. प्रत्येक संस्थेनं आपली नावं आपण सांभाळायची, ही त्यातली मुख्य गोष्ट.

दुसरीकडे मशीनचा क्रमांक वेगळ्याच वाटेनं मोठा होत होता. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या इथरनेटमध्ये (तारेनं कंप्युटर जोडायची पद्धत) पत्ता फक्त ८ बिटांचा, म्हणजे जेमतेम २५६ पत्ते. डेक, इंटेल आणि झेरॉक्स यांनी १९८० मध्ये मिळून काढलेल्या इथरनेटमध्ये तो ४८ बिटांचा झाला. आज आपण ज्याला मॅक ॲड्रेस म्हणतो तो हाच. पहिले २४ बिट उत्पादकाला नेमून दिलेले, उरलेले त्यानं आपल्या कार्डांना वाटायचे. दोन कार्डांना एकच पत्ता मिळू नये, एवढ्यासाठी ही सोय होती. माणसानं तो वाचून मशीन ओळखावं असं कुणाच्या मनातही नव्हतं. तरी नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी ओळख म्हणून त्यालाच धरलं, कारण कायम टिकणारं दुसरं काही हाताशी नव्हतं.

पीसींच्या जगात नावांचा तिसरा प्रवाह आला. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी सायटेक या कंपनीनं नेटबायोस हे कंप्युटरना एकमेकांशी नावानं बोलू देणारं सॉफ्टवेअर बनवलं. त्यात नावाला १६ बाइट होते. मायक्रोसॉफ्टनं त्यातला शेवटचा सेवेचा प्रकार सांगण्यासाठी राखून ठेवल्यावर माणसाच्या वाट्याला १५ अक्षरं उरली. विंडोज १० बसवताना आपोआप मिळणारं नाव मोजून बघा: 'डेस्कटॉप' आणि पुढची आडवी रेघ मिळून इंग्रजीत ८ अक्षरं, त्यापुढे कुठलीही ७. बरोबर १५. इतक्या वर्षांपूर्वीची मर्यादा आजही वायफायच्या यादीत अशी डोकावते.

नावं कशी ठेवावीत यावर ऑगस्ट १९९० मध्ये डॉन लिब्स यांनी आरएफसी ११७८ लिहिला. माझ्या मते या विषयावर इतकं उपयोगी लिखाण थोडंच झालंय. मशीनला त्यावर चाललेल्या प्रकल्पाचं नाव देऊ नका, प्रकल्प बदलतो. स्वतःचं नाव देऊ नका. लांबलचक नाव नको. एखाद्या विषयातली नावं घ्यायची तर आधी तो विषय पुरेल का ते बघा. पहिल्या सात कंप्युटरना सात बुटक्यांची नावं दिलीत, तर पुढच्या वर्षी आठवा येईल तेव्हा काय करणार? रंगांची नावं मात्र संपत नाहीत.

हा सल्ला सर्व्हरसाठी चोख आहे. ॲक्सेस पॉइंटचं गणित मात्र निराळं. सर्व्हर कुठे ठेवलाय याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नसतं. ॲक्सेस पॉइंटचं सगळं महत्त्वच तो कुठे टांगलाय यात आहे. वायफायचं ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आलं तेव्हा प्रत्येक ॲक्सेस पॉइंट स्वतंत्र असायचा, त्याच्या पानावर जाऊन सेटिंग करायची. संख्या शेकड्यांत गेली तेव्हा ते काम कंट्रोलरकडे गेलं. कंट्रोलर बनवणारी एअरस्पेस सिस्कोनं २००५ मध्ये विकत घेतली, आणि मार्च २००९ मध्ये कॅपवॅप हे समाईक मानक आरएफसी ५४१५ म्हणून आलं. त्यात ॲक्सेस पॉइंटच्या नावासाठी एक रकाना आहे आणि जागेसाठी दुसरा. नेटवर्कवरच्या उपकरणांवर नजर ठेवायच्या एसएनएमपी या पद्धतीच्या १९९१ च्या माहितीसंचातही नाव आणि ठिकाण असेच वेगळे होते. पण कामाच्या घाईत डोळ्यांसमोर येते ती इशाऱ्याची ओळ, आणि तिच्यात बहुधा फक्त नाव असतं. म्हणून लोकांनी इमारत, मजला, खोली सगळं नावातच कोंबलं, आणि ते अगदी योग्य केलं. डबा बदलला तर नव्या डब्याला तेच नाव द्यायचं. कुठला डबा होता हे अनुक्रमांकावरून कळतं.

फोनवर दिसणारा पत्ता घेऊनही ॲक्सेस पॉइंट शोधणं कठीण जातं. एकच ॲक्सेस पॉइंट प्रत्येक रेडिओवर, प्रत्येक नेटवर्कनावासाठी वेगळा पत्ता हवेत सोडतो. त्यामुळे स्टिकरवरचा आणि फोनवरचा पत्ता अनेकदा शेवटच्या आकड्यात फरक दाखवतात.

जोडलेल्या फोन-लॅपटॉपच्या बाजूनं तर गोष्टी उलट्याच गेल्या. आयपी पत्ता मागताना उपकरण डीएचसीपीच्या (आयपी पत्ते वाटणाऱ्या पद्धतीच्या) १२ क्रमांकाच्या पर्यायातून आपलं नाव सांगू शकतं, आणि कंट्रोलर तेच यादीत दाखवतो. अनेक फोन मालकाचं नाव चारचौघांत सांगत फिरायचे. मार्च २०१७ मधला आरएफसी ८११७ नेमका याच धोक्याबद्दल आहे. तोवर मॅक ॲड्रेस लपवायलाही सुरुवात झाली होती: आयओएस ८ नं २०१४ मध्ये नेटवर्क शोधतानाचा पत्ता बदलता ठेवला, २०१९ च्या अँड्रॉइड १० नं आणि २०२० च्या आयओएस १४ नं जोडणीसाठीही प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट पत्ता द्यायला सुरुवात केली. तो ओळखता येतो. '७ए:१४:सी०:२ई:९१:डी३' मध्ये दुसरं अक्षर ए आहे. त्या जागी २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता उत्पादकानं दिलेला नाही.

वापरणाऱ्याच्या खाजगीपणासाठी हे व्हायलाच हवं होतं. मात्र मॅक ॲड्रेसशेजारी हातानं 'लेखा विभाग, लॅपटॉप ४' लिहून ठेवणाऱ्यांची यादी त्यामुळे निकामी होऊ लागली. फोन आपलं नेटवर्क विसरून पुन्हा जोडला तर तो नवं उपकरण म्हणून येऊ शकतो. म्हणून मोठ्या संस्थांत ओळख ८०२.१एक्स (नेटवर्कमध्ये शिरताना ओळख तपासणारं मानक) लॉगिनला किंवा उपकरणावरच्या प्रमाणपत्राला बांधली जाते, आणि यादीतलं नाव तिथून येतं. प्रिंटर, कॅमेरे, सेन्सर यांतल्या बऱ्याच उपकरणांना असं लॉगिन करता येत नाही, पण त्यांचा मॅक ॲड्रेस सहसा बदलतही नाही. त्यांची नावं आजही कुणीतरी एकेक करून हातानंच लिहितं.