लवचिक आहारनियंत्रण

वजन कमी करताना एकूण खाणे आवाक्यात ठेवायचे, पण कोणताही पदार्थ कायमचा वर्ज्य ठरवायचा नाही आणि कधी जास्त खाल्ले गेले तर पुढच्या एकदोन दिवसांत सावरून घ्यायचे, अशा आहारपद्धतीला लवचिक आहारनियंत्रण म्हणतात. याच्या विरुद्ध टोकाला कडक आहारनियंत्रण येते. त्यात पदार्थांची ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’ अशी कायमची वाटणी असते. कॅलरींचा आकडा ओलांडायचा नसतो आणि एकदा नियम मोडला की दिवस वाया गेला असे धरले जाते. कमी खाण्याचा प्रयत्न दोन्हीकडे चालू असतो. पथ्य मोडल्यानंतरच्या काही तासांत मात्र या दोन पद्धती पाळणाऱ्यांची वागणूक अगदी वेगळी होते, आणि या विषयावरचे बरेच संशोधन त्या तासांभोवतीच फिरते.

अशा संशोधनाची सुरुवात १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगापासून धरली जाते. चवीचा अभ्यास आहे असे सांगून त्यांनी विद्यार्थिनींना बोलावले. काहींना आधी काहीच दिले नाही, काहींना एक मिल्कशेक दिला, काहींना दोन. त्यानंतर प्रत्येकीसमोर तीन चवींचे आइसक्रीम ठेवले आणि चवीबद्दल मत द्या, हवे तेवढे खा, असे सांगितले. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेक पोटात गेल्यावर आइसक्रीम कमी खाल्ले. पोट भरले की हात थांबतो, त्यामुळे यात नवल नव्हते. नेहमी डाएट करणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेकनंतर अधिक आइसक्रीम खाल्ले. पुढच्या प्रयोगांत तर पदार्थ तोच ठेवून तो ‘भरपूर कॅलरींचा आहे’ एवढेच सांगितले, तरी डाएट करणाऱ्यांचे खाणे वाढले. म्हणजे या खाण्यामागे भूक नव्हती. आता पथ्य मोडलेच आहे तर आज खाऊन घेऊ, उद्यापासून पुन्हा सुरू करू, हा विचार होता. पीटर हर्मन आणि जॅनेट पॉलिवी यांनी पुढे अनेक वर्षे याच वागणुकीचा अभ्यास केला.

कडक आणि लवचिक असा भेद स्पष्टपणे मांडला तो जर्मन संशोधक योआखिम वेस्टेनहोफर यांनी, १९९१ मध्ये. तोवर खाण्यावर बंधन घालणारे सगळे एकाच गटात मोजले जात. स्टंकार्ड आणि मेसिक यांनी १९८५ मध्ये खाण्याच्या सवयींबद्दल तयार केलेल्या ५१ प्रश्नांच्या प्रश्नावलीतील उत्तरे तपासताना वेस्टेनहोफर यांना या गटात दोन निराळ्या तऱ्हा दिसल्या. कडक नियम पाळणाऱ्यांमध्ये खाण्यावरचा ताबा सुटण्याचे प्रमाण जास्त होते आणि लवचिक नियंत्रण ठेवणाऱ्यांमध्ये कमी. हा संबंध पुढील अभ्यासांतही आढळला. एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. ज्यांचा ताबा मुळातच सहसा सुटत नाही त्यांना लवचिक राहणे सोपे जाते, अशीही शक्यता आहे. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे केवळ प्रश्नावलीवरून ठरवता येत नाही.

खाण्याचा ध्यास लागणे हा स्वभावाचा कमकुवतपणा समजला जातो, तो समज चुकीचा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, धडधाकट पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन जवळपास एक चतुर्थांशाने घटले. त्यांच्या बोलण्यात, विचारांत, स्वप्नांत अन्न येऊ लागले; काही जण तर पाककृती जमवू लागले. निर्बंध उठल्यावर कितीही खाल्ले तरी समाधान होत नाही, अशी त्यांच्यापैकी अनेकांची अवस्था झाली. वजन घटल्यावर भूक वाढवणारी आणि तृप्ती कमी करणारी संप्रेरके वर्षभरानंतरही बदललेलीच राहतात, हे २०११ मधील एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसले. डाएट मोडणाऱ्याला दोष देण्याआधी हे लक्षात घेतले पाहिजे.

वजन घटते ते खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेल्यामुळे. ती तूट कोणत्या मार्गाने आली याला त्या मानाने कमी महत्त्व आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने २०१८ मध्ये ६०९ प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने कर्बोदके. वर्षअखेर दोन्ही गटांचे सरासरी वजन पाच ते सहा किलोंनी घटले आणि त्यांतला फरक नगण्य ठरला. प्रत्येक गटाच्या आत मात्र माणसामाणसांत प्रचंड तफावत होती. कुणाचे वजन खूप उतरले, तर कुणाचे उलट वाढले. म्हणून ‘सर्वांत चांगले डाएट कोणते’ यापेक्षा ‘मला वर्षभर निभेल असे कोणते’ हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

लवचिक पद्धतीतला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे दिवसाचा हिशेब आठवड्यावर नेणे. समजा, एखादी व्यक्ती रोज ५०० कॅलरींची तूट ठेवते. आठवड्याची तूट ३,५०० झाली. एका समारंभात तिच्याकडून १,२०० कॅलरी जादा खाल्ल्या गेल्या, तरी २,३०० ची तूट शिल्लक राहतेच. आठवड्याचे नुकसान त्या जेवणाने होत नाही. ‘गेलाच आठवडा’ म्हणून पुढचे चार दिवस मोकाट खाल्ल्याने होते. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करणे हेही कडकपणाचेच रूप आहे. पुढचे जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीसारखे घ्यावे. त्या सकाळी वजनकाटा एकदोन किलो जास्त दाखवील, पण ती चरबी नव्हे. ग्लायकोजेन म्हणजे कर्बोदकांचा शरीरातला साठा; त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते, खारट खाण्यानेही पाणी साचते आणि ते काही दिवसांत उतरते.

लवचिकपणा म्हणजे सगळे पदार्थ सारखेच, असा अर्थ काढणे बरोबर नाही. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ कॅलरी मिळतात. प्रथिने किंवा कर्बोदके यांच्या ग्रॅममधून ४. शंभर ग्रॅम तेलात ९०० च्या आसपास कॅलरी असतात, तेवढ्याच पालेभाजीत २५-३०. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते. अमेरिकन संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले (कारखान्यात तयार होणारे, पाकीटबंद प्रकारचे) आणि दोन आठवडे साधे अन्न दिले गेले. दोन्हींमध्ये ताटात वाढल्या जाणाऱ्या कॅलरी, साखर, स्निग्धांश आणि तंतू सारखे ठेवूनही अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. त्यामुळे रोजच्या ताटात भाज्या, फळे, कडधान्ये आणि प्रथिनांचा बऱ्यापैकी वाटा असावा. आवडीचा गोड किंवा तळलेला पदार्थ आधी ठरवून, वाढून घेऊन, बसून खावा. पाकिटातून थेट खाताना किती गेले याचा अंदाज राहत नाही.

आठवड्यातून एक दिवस हवे ते खाण्याच्या ‘चीट डे’ या प्रथेला काही जण लवचिक म्हणतात. त्या शब्दातच बाकीचे सहा दिवस बंदीचे आहेत हे गृहीत धरलेले असते. ती कडक पद्धतीचीच दुसरी बाजू आहे. प्रत्येक ग्रॅमची नोंद ठेवून ‘आकड्यात बसते, मग काहीही चालेल’ असे म्हणणारी पद्धतही नोंदीचाच जाच होऊ लागला की कडक होते. सुरुवातीचे काही आठवडे मोजमाप केल्याने प्रमाणाची नजर तयार होते, तेवढा त्याचा उपयोग नक्कीच आहे.

आठवड्याला अर्धा ते एक किलो घट सामान्यतः सुरक्षित मानली जाते. जास्त वजन असलेल्यांमध्ये ५ ते १० टक्के घटीनेही रक्तदाब आणि रक्तातील साखर सुधारते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेणाऱ्यांनी आहार कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. गरोदरपणात आणि वाढीच्या वयात वजन घटवण्याचा आहार स्वतःहून घेऊ नये. थोड्या वेळात भरमसाट खाणे, त्या वेळी थांबताच न येणे आणि नंतर तीव्र अपराधीपणा वाटणे, हे वारंवार होत असेल तर तो आहारविकार असू शकतो. त्यावरच्या बोधात्मक वर्तन उपचारात (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचारात) वजन घटवण्याचे काम बाजूला ठेवले जाते. आधी दिवसभर ठरावीक अंतराने खाण्याची घडी बसवतात आणि टाळलेले पदार्थ एकेक करून पुन्हा खाण्यात आणतात.