हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे क्रेडिट: कॅलिफोर्नियातल्या ड्युअल एनरोलमेंटचा अर्ज, कागदपत्रं आणि त्यातल्या मेखा

सासूबाईंना फोनवर सांगितलं की नात यंदा कॉलेजचा एक कोर्स करतेय. त्या म्हणाल्या, "दहावी झाली ना तिची? मग कॉलेजातच जायची की, त्यात नवल काय?" त्यांचं चुकलं नाही. आपल्याकडे अकरावी-बारावीलाच कॉलेज म्हणतात. इथे बारावीपर्यंत हायस्कूल. त्या हायस्कूलमध्ये असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, नाव घालायचं आणि पुढे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे क्रेडिट आधीच मिळवायचे, याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. मी फक्त कॅलिफोर्नियाबद्दल लिहितेय. प्रत्येक राज्याचे नियम निराळे असतात, त्यामुळे टेक्सास किंवा न्यू जर्सीच्या मंडळींनी फी आणि फॉर्मचे तपशील इथून उचलू नयेत.

एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच चालणारे कॉलेजच्या पातळीचे वर्ग, आणि हे एकच, असा समज बऱ्याच पालकांचा असतो. एपीचा वर्ग शाळेतच वर्षभर चालतो, मे महिन्यात एक परीक्षा होते, १ ते ५ गुण मिळतात आणि त्या एका सकाळवर क्रेडिट ठरतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, ३ किंवा त्याहून जास्त गुणांना क्रेडिट देते. ड्युअल एनरोलमेंटमध्ये वेगळी परीक्षा नाही. कॉलेजच्या वर्गात सत्रभर जी ग्रेड मिळेल, तीच खरी. ज्यांची मुलं परीक्षेच्या दिवशी गडबडतात पण गृहपाठ नेटाने करतात, त्यांना हा रस्ता सोयीचा पडतो.

आत जायला दारं दोन आहेत.

पहिलं दार शाळेतूनच उघडतं. २०१५ साली एबी २८८ हा कायदा मंजूर झाला आणि जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याखाली शाळांचा डिस्ट्रिक्ट (त्यांचा कारभार बघणारी स्थानिक संस्था) आणि कॉलेजचा डिस्ट्रिक्ट आपसांत करार करतात. या योजनेला सीकॅप (CCAP) म्हणतात. अनेक ठिकाणी प्राध्यापक हायस्कूलमध्येच येऊन शिकवतात, मुलांना कुठे जावं लागत नाही. एका सत्रात १५ युनिटांपर्यंत (युनिट म्हणजे कोर्सचं क्रेडिट मोजायचं माप) घेता येतात, फी नाही, पुस्तकांचा खर्चही मुलांवर टाकता येत नाही. कागदपत्रांचं बरंचसं काम शाळाच उरकते. म्हणून शाळेच्या काउन्सेलरला, म्हणजे विषयनिवडीचं मार्गदर्शन करणाऱ्यांना, पहिला प्रश्न हा विचारा: आपल्या शाळेचा सीकॅप करार आहे का, कोणत्या कॉलेजशी, आणि त्यात कोणते कोर्स आहेत?

करार नसेल, किंवा हवा तो कोर्स त्यात नसेल, तर दुसरं दार, स्पेशल अ‍ॅडमिट. इथे सगळं आपण करायचं. राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि कुठेही अर्ज करता येतो. कायद्यात इयत्तेची अट नाही, पण बरीच कॉलेजं नववीपासून पुढेच घेतात. सत्राला ११ युनिटांपर्यंत एनरोलमेंट फी साधारणपणे माफ असते. एरवी ही फी सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात युनिटला ४६ डॉलर आणि डी अँझा, फुटहिलसारख्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात ३१ डॉलर पडते. माफी या एका फीचीच, हे लक्षात ठेवा. पुस्तकं, पार्किंग आणि काही किरकोळ आकार आपल्याच खिशातून जातात.

फुकट या शब्दाला आपल्यासाठी सर्वात मोठा तडा जातो तो रेसिडेन्सीत, म्हणजे राज्याचं रहिवासी ठरण्यात. एच-४, म्हणजे एच-१ वर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या, व्हिसावरच्या मुलांच्या पालकांनी इथे नीट थांबावं. राज्याबाहेरून नुकत्या आलेल्या, पण नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या स्पेशल अ‍ॅडमिट मुलांना नॉन-रेसिडेंट ट्यूशनमधून, म्हणजे बाहेरच्यांना लागणाऱ्या जादा फीतून, सूट आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या मुलांना ती सूट नाही. पण एच-१ आणि एच-४ वर असणाऱ्यांना कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरता येतं. त्यासाठी सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिल्याचा आणि इथेच राहण्याचा इरादा असल्याचा पुरावा लागतो. मूल अल्पवयीन असल्याने ते ज्या आईवडिलांजवळ राहतं, त्यांचाच पुरावा चालतो: घराचा भाडेकरार, कॅलिफोर्नियाचं राज्य कर विवरणपत्र म्हणजे फॉर्म ५४०, ड्रायव्हिंग लायसन्स, बँकेची पत्रं. सोबत मुलाचा पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) आणि आय-७९७ (मंजुरीची नोटीस). मागल्या मार्चमध्ये बंगळुरूहून आलात आणि यंदाच्या जानेवारीच्या सत्राला नाव घालताय, तर वर्ष भरलेलं नसतं आणि बिल युनिटला काहीशे डॉलरचं येतं. तेव्हा एक सत्र थांबणं शहाणपणाचं.

आता अर्ज. सगळ्या कॉलेजांचा अर्ज सीसीसी-अप्लाय या एकाच संकेतस्थळावर भरायचा, पण कॉलेज बदललं की अर्ज वेगळा. आधी मुलाच्या नावाने खातं उघडायचं. ईमेल मुलाचा स्वतःचा द्या, बाबांचा नको, आणि शाळेचाही नको. शाळांचे ईमेल बाहेरची पत्रं बऱ्याचदा अडवतात. भावंडांनाही एकच पत्ता देऊ नका. सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात. एच-४ मुलांकडे तो नसतो. नाही अशी खूण करून पुढे जाता येतं, त्यासाठी अर्ज अडत नाही.

तीन रकान्यांत लोक हमखास अडकतात. एक, जन्मतारीख: इथे महिना आधी. ३ ऑगस्टची मुलगी आपल्या सवयीने ०३/०८ लिहिते आणि ८ मार्चची होऊन बसते. दोन, शिक्षणाची स्थिती: हायस्कूलमध्ये शिकत असतानाच कॉलेजात येणारा विद्यार्थी, हाच पर्याय निवडायचा. पहिल्यांदाच कॉलेजात येणारा, हा पर्याय वाचायला बरोबर वाटतो आणि तिथेच चूक होते. तो निवडला की कॉलेज मुलाला पूर्ण फी भरणारा नेहमीचा विद्यार्थी समजतं.

तिसरा रकाना मधल्या नावाचा, आणि तो खास आपला. पासपोर्टवर आमच्या लेकीचं नाव आणि तिच्या बाबांचं नाव, दोन्ही मिळून गिव्हन नेममध्ये आहेत. शाळेच्या नोंदीत मधलं नाव रिकामं. मी अर्ज पासपोर्टप्रमाणे भरला, शाळेच्या सहीचा फॉर्म शाळेच्या नोंदीप्रमाणे गेला. कॉलेजच्या संगणकाला या दोन वेगळ्या मुली वाटल्या. फॉर्म कुठेच जोडला गेला नाही. आम्ही नऊ दिवस वाट बघत बसलो. फोन केला तेव्हा कळलं, आणि दुरुस्ती होईपर्यंत संध्याकाळचा वर्ग भरून गेला होता. त्यानंतर मी शाळेच्या पोर्टलवर नाव जसं दिसतं, अक्षर न् अक्षर तसंच सगळीकडे लिहिते.

अर्ज पाठवला की कॉलेजचा विद्यार्थी क्रमांक ईमेलने येतो. कधी काही तासांत, कधी तीन-चार दिवसांनी. सध्या कॉलेजांकडे बनावट अर्जांचा सुळसुळाट आहे, आर्थिक मदत लाटायला खोट्या नावांनी अर्ज येतात. त्यामुळे खरे अर्जही तपासणीत अडकतात. स्पॅमची पेटी बघा, आठवड्याभरात काही आलं नाही तर थेट फोन लावा.

हा क्रमांक हाती आल्यावरच स्पेशल अ‍ॅडमिट फॉर्म भरता येतो. त्यावर कोर्सचं नाव, क्रमांक आणि युनिटं लिहायची, पालकांची सही, आणि शाळेच्या मुख्याध्यापकांची किंवा त्यांनी नेमलेल्या काउन्सेलरची सही. हा फॉर्म दर सत्राला नव्याने द्यावा लागतो. पहिल्या पसंतीसोबत आणखी दोन-तीन कोर्स लिहून ठेवा. वर्ग भरला तर पुन्हा सह्यांसाठी फिरावं लागत नाही. मे महिन्यात काउन्सेलरच्या दारात रांग लागते, म्हणून उन्हाळी सत्राची सही एप्रिलमध्येच मागा. उन्हाळ्यासाठी कायद्याने आणखी एक मर्यादा आहे: मुख्याध्यापक एका इयत्तेतल्या ५ टक्क्यांहून जास्त मुलांची शिफारस करू शकत नाहीत. सीकॅपच्या ठरावीक कोर्सना ती लागत नाही.

कोर्सला प्रीरिक्विझिट, म्हणजे आधी काय शिकलेलं असावं याची अट, असेल, कॅल्क्युलसला असतंच, तर शाळेची ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) किंवा एपीचे गुण आधी पाठवून ते मोकळं करून घ्या. याला काही दिवस जातात. नोंदणीच्या रांगेत आपली मुलं शेवटी असतात, आधी कॉलेजचे नेहमीचे विद्यार्थी. म्हणून आपली तारीख उघडते त्या मिनिटाला लॉगिन करून बसायचं, तत्काळ तिकिटासारखं. आणि पहिल्या तासाला हजर राहायचंच. ऑनलाइन वर्ग असला तरी पहिल्या आठवड्यात लॉगिन केलं नाही तर प्राध्यापक नाव काढून टाकतात.

हे सगळं करण्याआधी एक काम, जे आम्ही सगळ्यात शेवटी केलं: हा कोर्स पुढे कुठे चालणार, ते बघणं. असिस्ट नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे. कॉलेजचं नाव टाकलं की कोणते कोर्स यूसीला आणि कोणते कॅल स्टेटला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला) चालतात, ते दिसतं. यूसीत चालणारा ३ सेमिस्टर युनिटांचा किंवा ४ क्वार्टर युनिटांचा एक कोर्स शाळेच्या पूर्ण वर्षाच्या विषयाएवढा धरतात. म्हणजे सायकॉलॉजीचा एका सत्राचा कोर्स वर्षभराच्या इलेक्टिव्हची, म्हणजे ऐच्छिक विषयाची, जागा भरतो. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंत केलेल्या अशा कोर्सला यूसीच्या जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत), ठरलेल्या मर्यादेत, जादा गुणही मिळतो. कितीही युनिटं जमली तरी मूल अर्ज करताना पहिल्या वर्षाचंच राहतं, दुसऱ्या कॉलेजातून मध्येच येणारा ट्रान्सफर विद्यार्थी ठरत नाही. एपी कॅल्क्युलस आणि कॉलेजचा तोच कॅल्क्युलस दोन्ही केले तर क्रेडिट मात्र एकदाच. खासगी विद्यापीठांचं तंत्र वेगळं. जो कोर्स शाळेच्या डिप्लोमासाठी मोजला, त्याला अनेक जण क्रेडिट देत नाहीत, आणि काही विद्यापीठं पदवी त्यांच्याकडच्याच वर्गांतून पूर्ण करायला लावतात. डोळ्यांसमोर जे विद्यापीठ असेल, त्याचं धोरण आधी वाचा.

ही ग्रेड पुसता येत नाही. शाळेतला सी बदलायला शिक्षकांशी बोलता येतं, इथे नाही. यूसी फक्त डी किंवा एफ आलेला कोर्स पुन्हा केला तर नवी ग्रेड मानते. सी आला की आला. दर वर्गाची सोडण्याची तारीख असते. त्याआधी सोडलं तर नोंद राहत नाही, नंतर सोडलं तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे वर्ग सोडल्याची खूण, उमटतो. ती तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरात टाका. डब्ल्यू आणि एफ जास्त झाले तर पुढे कॉलेजात गेल्यावर सरकारी आर्थिक मदतीच्या निकषातही त्यांचा हिशेब होतो.

आईवडिलांना सगळ्यात जड जातं ते फर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणारा कायदा. मूल कॉलेजात शिकू लागलं की तिथल्या नोंदींवरचा हक्क मुलाचा, वय १५ असलं तरी. मी कॉलेजला फोन करून लेकीची ग्रेड विचारली तर समोरची बाई नम्रपणे म्हणाली, "त्यांनाच फोन करायला सांगा." त्या म्हणजे आमची शेजारच्या खोलीत हेडफोन लावून बसलेली बया. मुलाच्या सहीचा संमतीचा फॉर्म मिळतो, पण प्राध्यापकाला ईमेल मुलानेच करावा. आईचा ईमेल त्यांना आवडत नाही, आणि बरोबरच आहे.

बारावीत यूसीचा अर्ज भरताना, नोव्हेंबरअखेरपर्यंत, कॉलेजचा प्रत्येक कोर्स त्यात लिहावा लागतो, डब्ल्यू असलेलासुद्धा. लपवलेला कोर्स सापडला तर मिळालेला प्रवेश जाऊ शकतो. शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर तो कोर्स दिसत असला तरी कॉलेजची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट वेगळी मागवून १ जुलैपर्यंत पोचवायची असते. ती शाळा पाठवत नाही. कॉलेजच्या पोर्टलवर जाऊन मुलालाच मागवावी लागते, आणि तोवर पासवर्ड विसरलेला असतो.