वेब फॉर्ममधली माहिती डेटाबेसमध्ये साठवणे

संकेतस्थळावरच्या फॉर्ममध्ये कुणी भरलेला मजकूर सर्व्हरपर्यंत नेऊन डेटाबेसच्या टेबलात नोंदवण्याची क्रिया. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याची ब्राउझर, सर्व्हर आणि डेटाबेस या तिघांशी एकदम गाठ पडते ती बहुधा इथेच. वेबपान लिहिण्याची भाषा एचटीएमएल, तिच्या 2.0 आवृत्तीच्या मानकात फॉर्म आले ते 1995 साली. रासमुस लेरडॉर्फ यांनी सर्व्हरवर चालणारी पीएचपी ही भाषा लोकांसाठी खुली केली आणि मायएसक्यूएल या डेटाबेसची पहिली आवृत्ती तयार झाली, तीही त्याच वर्षी. आजही पुष्कळ जण ही जोडी घेऊनच सुरुवात करतात.

समजा, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाला भजनी स्पर्धेची नोंदणी ऑनलाइन घ्यायची आहे. मंडळाचे नाव, प्रमुखाचे नाव, तालुका आणि फोन असे चार रकाने पुरेत. एचटीएमएलमध्ये प्रत्येक रकान्याला 'नेम' द्यावे लागते. ते राहून गेले तर त्या रकान्यातला मजकूर ब्राउझर पाठवतच नाही, आणि पडद्यावर चूकही दिसत नाही. नवशिक्यांचे तासन् तास इथे जातात. फॉर्म 'पोस्ट' पद्धतीने पाठवावा. 'गेट'ने पाठवला तर लोकांचे फोन नंबर पत्त्याच्या पट्टीत उघडे पडतात.

टेबलाचे कॉलम ठरवताना फोनला पूर्णांकाचा प्रकार देण्याचा मोह होतो. तो टाळावा. गोव्याचा एसटीडी कोड 0832 आहे. पूर्णांक म्हणून साठवला की पुढचे शून्य जाते आणि उरते 832. फोन हा मजकूर म्हणूनच ठेवावा. तालुका मात्र हाताने लिहायला देऊ नये, नाहीतर कुणी फोंडा लिहील, कुणी पोंडा, कुणी अंत्रूज. गोव्याच्या बाराही तालुक्यांची यादी निवडायला द्यावी आणि आलेले नाव त्या यादीतले आहे ना, हे सर्व्हरवर पुन्हा तपासावे, कारण ब्राउझरमधली तपासणी कुणालाही चुकवता येते.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेतली, आज्ञा. आलेला मजकूर आज्ञेच्या ओळीत सरळ चिकटवणे सोपे वाटते, पण ते का चूक हे गोव्यात एका आडनावावरून कळते. डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना बरेच जण 'डी'नंतर एकेरी अवतरणचिन्ह घालतात. एसक्यूएलमध्ये मजकुराची सुरुवात आणि शेवट याच चिन्हाने दाखवतात. त्यामुळे डेटाबेसला मजकूर 'डी'पाशीच संपलेला वाटतो, पुढचे 'सोझा' तो आज्ञेचा भाग म्हणून वाचू पाहतो आणि नोंद अडते. भल्या माणसाच्या नावाने जिथे आज्ञा मोडते, तिथूनच वाईट हेतूचा माणूस स्वतःची आज्ञा आत घुसवू शकतो. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. आडनावातले चिन्ह पुसून टाकणे हा उपाय नव्हे. ते त्या माणसाचे नाव आहे. आज्ञा आधी प्रश्नचिन्हे घालून तयार करावी, जसे 'इन्सर्ट इन्टू मंडळे (नाव, प्रमुख) व्हॅल्यूज (?, ?)', आणि फॉर्ममधून आलेला मजकूर त्या प्रश्नचिन्हांच्या जागी नंतर वेगळा जोडावा. याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. पीएचपीत ती सोय पीडीओ आणि मायएसक्यूएलआय या डेटाबेसशी जोडणाऱ्या दोन्ही साधनांत आहे. जुन्या धड्यांत दिसणारी मायएसक्यूएलची मूळ फंक्शने 2015 साली पीएचपी 7 मधून काढून टाकली गेली. ती शिकण्यात वेळ घालवू नये.

मराठीसाठी टेबल आणि जोडणी दोन्हींचा अक्षरसंच 'यूटीएफ8एमबी4' ठेवावा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. कॉलमची लांबीही सढळ असावी. 'श्री' आपल्याला एकच अक्षर दिसते, पण डेटाबेस ते श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार असे चार मोजतो.

नोंद झाल्यावर वापरणाऱ्याला लगेच दुसऱ्या पानावर पाठवावे. तसे केले नाही, तर पान पुन्हा लोड केल्यावर तोच फॉर्म परत जातो आणि एकच मंडळ यादीत दोनदा लागते.