काढणीआधी पाला जाळावा का?

डिसेंबरच्या शेवटी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीकडच्या रानात उभी तूर नीट पाहिली, तर एकाच झाडावर तीन वयं दिसतात. खालच्या फांद्यांवर वाळून तपकिरी झालेल्या शेंगा, मधे हिरव्या भरलेल्या, आणि परतीचा पाऊस लांबला असेल तर शेंड्याला पुन्हा पिवळी फुलं. तूर अशीच वाढते. एकदा फुलून थांबायचं तिच्या स्वभावात नाही. माणसांनी कोयत्यानं तोडायची होती तोवर याची कुणाला फारशी अडचण नव्हती. तोडलेल्या पेंढ्या रानातच वाळायच्या आणि मग झोडपल्या जायच्या. आता मजूर मिळत नाहीत, हार्वेस्टर दारात येतो, आणि त्याला सगळं पीक एकाच दिवशी कोरडं लागतं. म्हणून सल्ला मिळतो: मशीन यायच्या आधी तणनाशक मारा, पाला आणि तण दोन्ही जळून जाईल.

हा सल्ला कुठे लागू पडतो आणि कुठे नुकसान करतो, हे कळायला शेवटच्या पंधरा-वीस दिवसांत पान काय करत असतं ते समजून घ्यावं लागतं.

आधी मशीनची बाजू, कारण ती खरी आहे. हिरवा पाला आणि ओली तणं हार्वेस्टरच्या कात्यात आणि ड्रममध्ये गुंडाळतात. चिरडलेल्या पाल्याचा रस दाण्याला लागतो, त्यावर धूळ चिकटते, दाणा डागी होतो आणि बाजारात भाव पडतो. ओल्या पाल्याचे तुकडे दाण्याबरोबर टाकीत आले, तर दाण्यांची ओल वाढते. डाळवर्गीय धान्य साठवायचं तर दाण्यात 9-10 टक्क्यांच्या आसपासच ओल असावी लागते. त्याहून ओलं धान्य पोत्यात गरम होतं आणि त्याला बुरशी लागते. शेतकऱ्याची घाई म्हणजे आळस नव्हे. ढग दिसू लागले आणि मशीन एकच दिवस मिळणार असेल, तर कुणीही घाईच करील.

आता पानाकडे येऊ. काढणीच्या सुमारास पिवळं पडणारं पान आपल्याला मरणारं वाटतं. प्रत्यक्षात ते स्वतःला रिकामं करत असतं. पानातलं नत्र मोठ्या प्रमाणात प्रकाशसंश्लेषणाच्या प्रथिनांमध्ये साठलेलं असतं. दाणे भरू लागले की झाड ही प्रथिनं मोडतं, त्यांची अमिनो आम्लं करतं आणि अन्नवाहिन्यांतून शेंगेकडे पाठवतं. हरितद्रव्यही याच मोडतोडीत जातं, म्हणून पान पिवळं दिसतं. तुरीच्या डाळीत जे प्रथिन आपण खातो, त्याचा बराच भाग काही आठवड्यांपूर्वी पानात होता. हे काम चालू असताना पान जाळलं, तर उरलेलं नत्र आणि साखर दाण्यात न जाता त्या जळक्या पानातच राहते. दाणा बारीक राहतो, सुरकुततो.

म्हणजे फवारणीनं पीक लवकर पिकत नाही, लवकर वाळतं फक्त. दाणा भरून पूर्ण झाल्यावर झाडाचा आणि त्याचा संबंध आपोआप तुटतो. ज्वारीत हे डोळ्यांना दिसतं: दाणा कणसातून काढून त्याचा बुडखा पाहा, तिथे काळा ठिपका आलेला असला की आत येणारी वाट बंद झाली. त्या वेळी दाण्यात अजून साधारण 30 टक्के ओल असते, पण भरायचं काही उरलेलं नसतं. हुरड्याच्या वेळी दाणा गोड लागतो, कारण आलेल्या साखरेचं पिठात रूपांतर अजून पूर्ण झालेलं नसतं. त्या अवस्थेत पान गेलं तर काय हातचं जाईल, हे हुरडा खाणाऱ्या सोलापूरकराला सांगावं लागणार नाही. तुरीत आणि हरभऱ्यात असा काळा ठिपका नसतो. तिथे दाणा फोडून आतला हिरवा रंग जाऊन पिवळा आला का ते पाहायचं, आणि झाडावरच्या 75 ते 80 टक्के शेंगा तपकिरी झाल्या का ते मोजायचं.

दुकानात मिळणारी तणनाशकं सगळी एकाच रीतीनं काम करत नाहीत, आणि इथेच सर्वांत मोठा घोटाळा होतो. पॅराक्वाट हे स्पर्शजन्य आहे. ते पानातल्या हरितलवकात, म्हणजे अन्न तयार करणाऱ्या हिरव्या कणांत शिरतं, सूर्यप्रकाशानं तिथे जे इलेक्ट्रॉन वाहत असतात ते मधेच पकडतं आणि ऑक्सिजनला देतं. त्यातून ऑक्सिजनची विध्वंसक रूपं तयार होतात आणि पेशींची आवरणं फाटतात. ऊन कडक असेल तर काही तासांतच पान करपतं. जिथे थेंब पडला तिथेच नुकसान. झाडाच्या आत ते फारसं फिरत नाही.

ग्लायफोसेटची चाल उलटी. ते अन्नवाहिन्यांतून साखरेबरोबर प्रवास करतं आणि साखर जिथे जाते तिथे पोचतं. म्हणूनच हराळी आणि लव्हाळा मुळासकट मरतात. पण दाणे भरणाऱ्या तुरीत साखर जाते दाण्याकडे! त्या वेळी फवारलं तर औषधही दाण्याकडेच निघतं. दाण्यात अंश राहतो आणि तो दाणा बियाण्याला ठेवला तर उगवण बिघडते. शिवाय ग्लायफोसेटनं पीक वाळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मशीन चार दिवसांवर आलं असताना ते मारणं हा पैसा, पीक आणि धान्याची शुद्धता असा तिहेरी तोटा आहे.

पाला जाळणं आणि पाला गाळणं यांतही फरक आहे, आणि तो सांगोला, पंढरपूरकडच्या डाळिंबवाल्यांना चांगला ठाऊक आहे. बहार धरताना ते पाणी तोडतात आणि इथ्रेल फवारून पानगळ करतात. इथ्रेलमधलं इथेफॉन वनस्पतीच्या पेशीत गेल्यावर मोडतं आणि त्यातून इथिलीन वायू सुटतो. हा वनस्पतीचा स्वतःचा संप्रेरक आहे. त्याच्या सांगण्यावरून देठाच्या बुडाशी असलेल्या पातळ थरातल्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं द्रव्य विरघळवतात आणि पान सुटून पडतं. ही जिवंत पेशींनी करायची कामगिरी आहे. मात्रा जास्त होऊन पान झटक्यात करपलं, तर हा थर सुटायच्या आतच पेशी मरतात आणि वाळलेलं पान फांदीलाच लटकून राहतं. विदेशात कापूस यंत्रानं वेचण्याआधी पानगळ करतात, तिथेही हीच काळजी घ्यावी लागते, कारण लटकलेलं वाळकं पान बोंडातल्या रुईत चुरा होऊन मिसळतं.

काढणीआधी पीक रसायनानं वाळवायची पद्धत रुजली ती थंड, ओल्या हवेच्या देशांत. कॅनडात मसूर तयार होताना हिमदव डोक्यावर असतो, युरोपात पाऊस. ऊन पुरत नाही म्हणून तिथे औषध आलं. आणि त्याच युरोपीय संघानं 2023 मध्ये ग्लायफोसेटला पुढची दहा वर्षं परवानगी देताना काढणी सोपी व्हावी म्हणून पीक वाळवायला ते वापरायचं नाही, अशी अट घातली. पॅराक्वाट तर तिथे 2007 पासूनच बंद आहे. आपल्याकडे केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणले. पॅराक्वाट मिळतं, पण ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. ते फुप्फुसांत साठतं आणि एखादा घोटही जीव घेतो. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ते ओतून ठेवणं हा अक्षम्य धोका आहे, एवढं तरी प्रत्येक घरात माहीत असायलाच हवं.

सोलापूर पर्जन्यछायेत येतं. जानेवारी-फेब्रुवारीत इथली हवा कोरडी आणि ऊन भरपूर. हरभरा उपटून रानात ढीग घातले की मुळांचा पुरवठा तुटतो आणि चार-पाच दिवसांत घाटे खुळखुळायला लागतात. रसायनानं जे साधायचं तेच इथे उन्हानं साधतं, फुकट. पहाटेच्या दवात उपटायचं कारणही विज्ञानात बसणारं आहे: ओलसर घाटे फुटत नाहीत, दाणे गळत नाहीत. उपटणाऱ्या बायकांचे हात मात्र हरभऱ्याच्या आंबेनं झोंबतात. पानांवरच्या बारीक केसांतून जी मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं झिरपतात, ती ही आंब. या कष्टांचा विचार केला तर मशीन हवंच, असं माझं मत आहे. मशीनसाठी उंच, उभट वाढणारा फुले विक्रमसारखा वाण घ्यावा. घाटे जमिनीपासून वर लागले की काता ते उचलतो. ज्याला थोडा वेळ आहे त्यानं पीक कापून, रानात वाळवून, मग मळणी यंत्रात घालावं.

ज्वारीत तर पाला जाळायचा प्रश्नच येऊ नये. मोहोळला निवडलेला मालदांडी वाण इतकी वर्षं टिकून राहिला त्याला भाकरीइतकाच कडबाही कारण आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात कडब्याचे पैसे धान्याच्या बरोबरीनं मोजले जातात. हरभऱ्याचं भुसकटही गाई-म्हशींना जातं. औषध मारलेल्या पिकाचा चारा जनावरापुढे टाकायचा का, हा विचार फवारणी करायच्या आधी व्हायला हवा. उसातही तेच. पाचट पेटवून तोडलं की टोळीचं काम हलकं होतं, पण जळालेल्या कांड्यातली साखर लवकर मोडू लागते, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना मिळत नाहीत, आणि पाचटातलं नत्र धुरातून निघून जातं.

कांद्याचं उदाहरण मला फार आवडतं, कारण तिथे पाला आडवा करायचं काम पीक स्वतःच करतं. नवी पात यायची थांबते, मान मऊ पडते आणि पात कलते. निम्म्याहून अधिक माना पडल्या की काढायचं, आणि त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं. काहीजण घाईनं पिंप फिरवून पात मोडतात. माना आपोआप पडू लागल्यानंतर हे केलं तर चालतं. त्याआधी केलं तर पातीतलं अन्न कांद्यात उतरत नाही. काढल्यावर एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल अशी पसरायची, म्हणजे कांदा उन्हानं भाजत नाही. मान पूर्ण सुकली की बुरशीची वाट बंद होते. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची.

राहिली तणं. काढणीच्या तोंडावर तण मारून उत्पन्न वाढत नाही. पिकाशी त्यांची भांडणं झाली ती पहिल्या चाळीस-पन्नास दिवसांत, कोळपणी आणि खुरपणीच्या काळात. तुरीत ती साठ दिवसांपर्यंत चालतात. काढणीआधी हात घालायचा तो पुढच्या हंगामासाठी. गाजर गवताचं एक झाड हजारो बिया टाकतं. फुलं येण्याआधी ते उपटलं तर उपयोग, बिया धरल्यावर औषध मारलं तर झाड मरतं आणि बिया रानातच राहतात. म्हणून मशीन यायच्या आधी बांधाकडेनं आणि पिकातून एकदा फिरून बिया धरलेली तणं विळ्यानं कापून पोत्यात भरून रानाबाहेर न्यावीत. हार्वेस्टर दुसऱ्याच्या रानातून आला असेल तर त्याची टाकी आणि कात्याखालचा भाग आधी झाडून घ्यायला सांगावं. त्याच्याबरोबर बियाही गावोगाव फिरतात.

आणि घरचं बी ठेवायचं असेल तर पिकाच्या तेवढ्या ओळींना औषधाचा थेंबही लागू देऊ नये. शेजारच्या रानातून वाऱ्यानं फवारा आल्याची शंका असेल, तर पेरणीच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवावेत, रोज थोडं पाणी शिंपडावं, आणि किती दाण्यांना सरळ, निरोगी मोड आले ते मोजावं. सत्तरच्या आत आकडा आला तर ते धान्य बी म्हणून पेरू नये.